शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास

श्रोतेहो, नमस्कार.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे आणि माझा मुलगा कोल्हापुरातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववीत शिकतो. शाळेचं नाव घेत नाही. नाव घेतलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चला, आपल्या पोराची शाळा नव्हे ती. आणि मला बोलायचंय ते सगळ्याच शाळांबद्दल.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी तो घरी आला तेव्हा शर्टाचा खिसा फाटलेला होता आणि वरचा ओठ सुजला होता. म्हणाला, "सायकलवरनं पडलो. रस्ता ओला होता." मी हळद लावली, खिसा शिवला. दुसऱ्या दिवशी सायकल पुसताना लक्षात आलं, सायकलला ओरखडासुद्धा नव्हता. तरी मी विचारलं नाही. श्रोतेहो, ही गोष्ट मला आजही सलते. मला दिसलं होतं आणि मी विचारलं नाही.

पुढचे तीन आठवडे त्याचं सकाळी पोट दुखायचं. गंगावेशकडून येणारा सरळ रस्ता सोडून तो रंकाळ्याला वळसा घालून घरी यायला लागला. मला वाटलं, मित्रांबरोबर हिंडतोय. शेवटी कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना त्याच्या मित्राच्या आईनं मला थांबवलं. "वहिनी, पोराला एवढं मारलं, आणि तुम्ही काहीच कसं केलं नाही?"

झालं होतं ते एवढंच. रविवारी फुटबॉलची मॅच झाली. हरलेल्या संघाच्या एका पाठीराख्या मुलानं, म्हणजे याच्याच वर्गातल्या मुलानं, मोबाईलवर रागाचं स्टेटस ठेवलं. माझ्या मुलानं त्याला हसणारा चेहरा पाठवला. सोमवारी मधल्या सुट्टीत, "लय हसू येतंय काय रं तुला? शाळा सुटल्यावर भेट." शाळा सुटल्यावर कोपऱ्यावर सात-आठ जण होते. त्यातले दोघे शाळेतले नव्हतेच, मोटारसायकलवरून आलेले. एकानं मागून हात धरले आणि दुसऱ्यानं मनगटातल्या कड्यानं तोंडावर मारलं.

त्या रात्री मी त्याला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू शाळेत जाऊन भांडणार, पप्पा त्याच्या घरी जाणार. आणि उद्या मला परत त्याच वर्गात बसायचंय."

चौदा वर्षांच्या मुलानं आम्हा दोघांना बरोबर ओळखलं होतं. आम्ही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी नीट ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, गेटच्या आतलं काही असेल तर बोला. बाहेर घडलेलं आमच्या हातात नाही." पोलीस चौकीत सांगितलं, "पोरांचं भांडण आहे, शाळेत मिटवा." आणि मी स्वतः? शाळा पाचला सुटते. माझा मुलगा साडेपाचपर्यंत घरी पोचतो आणि मी सहाला. म्हणजे पाच ते साडेपाच या अर्ध्या तासात तो शाळेचा नव्हता, पोलिसांचा नव्हता आणि माझाही नव्हता. त्याला मारणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. "शाळा सुटल्यावर भेट" हे वाक्य मुलं उगीच बोलत नाहीत.

तेव्हापासून मी पन्नासेक पालकांशी बोलले असेन. शाळेतल्या मारामारीचा विषय काढला की काही वडील म्हणतात, "आमच्या वेळीही व्हायच्या की. पोरं भांडतात, विसरतात." त्यांना मी आपल्याच गावातली एक गोष्ट सांगते. खासबागचं कुस्तीचं मैदान 1912 पासून इथं उभं आहे, आणि पेठेपेठेत तालीम आहे. तालमीत जोड बघून कुस्ती लागते. वजन बघतात, वय बघतात, तयारी बघतात. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. खाली पडलेल्याला कुणी लाथ मारली तर त्याचा स्वतःचा वस्ताद त्याला आखाड्याबाहेर काढेल. ज्याला आपण जुन्या काळची भांडणं म्हणतो, त्यांत बघणारं कुणीतरी मोठं माणूस जवळपास असायचं. कोपऱ्यावर एकाला आठ जणांनी धरून मारणं, मोबाईलवर ते चित्रित करणं आणि रात्री वर्गाच्या ग्रुपवर टाकणं, याला मी भांडण म्हणणार नाही. तिथं जोड नाही, पंच नाही. आणि ग्रुपवर गेलेलं ते मुलगा विसरणार तरी कसा? ते त्याच्या खिशातच असतं.

युनेस्कोनं 2019 साली 144 देशांतली माहिती एकत्र केली, तेव्हा महिन्याभरात सोबतच्या मुलांकडून छळ झालेली मुलं जवळपास तिघांत एक निघाली. आणि छळाचं सगळ्यात जास्त सांगितलेलं कारण होतं मुलाचं दिसणं. रंग, उंची, जाडी. आपल्याकडेही सुरुवात तिथूनच होते. आधी टोपणनाव पडतं. मग डबा पळवतात, मग वही फाडतात, मग कोपरा येतो. मोठ्या माणसांना मात्र फक्त कोपरा दिसतो, आणि तोही सुजलेला ओठ घरी आल्यावर.

मुलींचं थोडं निराळं आहे, आणि त्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. पन्हाळ्याच्या, राधानगरीच्या बाजूनं मुली एसटीनं, वडापच्या जीपनं शहरात शिकायला येतात. शाळेपासून थांब्यापर्यंतचा रस्ता, थांब्यावरची वाट पाहणं, गाडीतली गर्दी. रोज कुणीतरी मोटारसायकल आडवी घालतं, नंबर मागतं. मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर घरचे काय करतील हे तिला माहीत असतं. शाळा बंद. एका मुलीनं मला हे शब्द जसेच्या तसे ऐकवले, "काकू, त्रास सोसला तर दहावी तरी होईल."

1917 साली शाहू महाराजांनी करवीर, म्हणजे आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता, आणि त्या काळात रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हती. आईबापांच्या तावडीतून मुलं ओढून शाळेत बसवली त्यांनी. त्याच गावात आज गुंडाला घरी बसवायचं सोडून आपण मुलीला घरी बसवतो. हे मला सहन होत नाही.

आता शासनाचं. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणानंतर 21 ऑगस्ट 2024 रोजी राज्य सरकारनं निर्णय काढला. शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणारी सखी सावित्री समिती. चांगला निर्णय आहे. आमच्या शाळेत कॅमेरे लागले. पण माझ्या मुलाला मारलं तो कोपरा कॅमेऱ्यात येत नाही, आणि शौचालयात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. मुलांना विचारा, भीती कुठं वाटते? कोपरा, शौचालय, पाण्याच्या टाकीची मागची बाजू, मधल्या सुट्टीत रिकामा असलेला वरचा मजला. तिथं कॅमेऱ्यापेक्षा पायांवर चालणारं मोठं माणूस लागतं. मधल्या सुट्टीत दोन शिक्षक टाकीजवळ उभे राहिले तरी खूप फरक पडतो.

तक्रारपेटीचीही तीच कथा. आमच्या शाळेत ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी होती, ऑफिससमोरच्या बाकांच्या अगदी नजरेत. चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसणार. ती महिनोन्‌महिने रिकामी होती आणि शाळा म्हणायची, बघा, आमच्याकडे तक्रारच नाही. आम्ही मागे लागून पेटी जिन्याच्या वळणावर हलवली. पहिल्याच आठवड्यात चार चिठ्ठ्या निघाल्या. एकीत फक्त एका बसथांब्याचं नाव होतं आणि वेळ.

एका बाबतीत मात्र शाळेला, पालकांना, कुणालाच मिटवामिटवी करायचा अधिकार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक अत्याचाराचा प्रकार झाला, किंवा होण्याची शंका आली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसानं केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "शाळेची बदनामी होईल", "मुलीचं पुढं कसं होणार" असं म्हणून कुणी तुम्हाला बसवून चहा पाजत असेल, तर तो चहा पिऊ नका. उठा आणि पोलीस ठाण्यात जा. 1098 हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालू. तो मूल स्वतःही लावू शकतं. 112 आहेच. आज रात्री मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर हे दोन्ही नंबर लिहून द्या.

आणि शिक्षकांच्या मारण्याबद्दलही बोलायला हवं, कारण त्यात आपण पालकच दोषी आहोत. "सर, दोन द्या त्याला, आमची काही हरकत नाही," असं आपण सांगून येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली, त्याला कितीतरी वर्षं झाली. ज्या वर्गात मोठं माणूस राग आला की हात उचलतं, तिथली मुलं कोपऱ्यावर काय करणार?

आता मला सगळ्यात अवघड जाणारं सांगते. माझ्या मुलाला मारणाऱ्या मुलाचा दाखला काढा, ही माझी पहिली मागणी होती. मी लेखी दिली होती. तीस पालकांच्या सह्या होत्या. मग कुणीतरी मला त्या मोटारसायकलवरच्या दोघांबद्दल सांगितलं. दोघेही याच शाळेचे. दोन वर्षांपूर्वी मारामारीवरूनच त्यांच्या हातात दाखले दिले होते. ते कुठल्या दुसऱ्या शाळेत गेले नाहीत. कोपऱ्यावर आले. गेटच्या आत होते तेव्हा निदान हजेरी तरी लागत होती, आता त्यांना नाव विचारणारंही कुणी नाही, आणि लहान मुलं त्यांना दादा म्हणतात.

मी त्या मुलाच्या आईला भेटायला गेले. भांडायच्याच तयारीनं गेले होते. ती चार घरी पोळ्या करते. दारातच म्हणाली, "ताई, मला तो सांगतच नाही काही. घरात असतो तेव्हा मोबाईलमधून मान वर काढत नाही." मला माझी सायकल पुसतानाची सकाळ आठवली. तिनं हात जोडले नाहीत आणि मीही तिला माफ केलं नाही. पण परत आल्यावर मी दाखल्याचा अर्ज मागं घेतला.

त्याऐवजी आम्ही दुसरं मागितलं. त्याची तुकडी बदला. मला न विचारता, माझ्या मुलाला न विचारता, दोघांना वर्गासमोर उभं करून "हात मिळवा" असं करू नका. मार खाल्लेल्या मुलाकडून सगळ्यांदेखत क्षमा वसूल करणं हा त्याला दुसरा मार असतो. मारणाऱ्या मुलानं समुपदेशकाकडे जावं आणि त्याच्या आईला दर पंधरा दिवसांनी शाळेनं बोलवावं, भांडायला नव्हे, कसं चाललंय ते सांगायला. तिचा दिवसाचा रोज बुडू नये म्हणून शनिवारी. मुख्याध्यापकांनी यातलं बरंचसं मान्य केलं. समुपदेशक मिळायला मात्र चार महिने लागले.

पालक-शिक्षक संघ शाळेत असतो आणि आपण तिथं सही करायला तेवढे जातो. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के जागा पालकांना दिल्या, त्यांतल्याही बऱ्याच जणांना आपण सदस्य आहोत हे फोटो काढायच्या दिवशी कळतं. आम्ही त्या सभेत बसलो आणि एकच विषय लावून धरला, पाच ते साडेपाच. मुख्याध्यापकांना म्हटलं, कोपरा तुमच्या हातात नाही ना, मग आमच्या हातात द्या. आता रोज शाळा सुटताना दोन पालक कोपऱ्यावर आणि दोन बसथांब्यावर उभे असतात. कुणाला अडवायचं नाही, कुणावर हात टाकायचा नाही, कुणाचा फोटो काढायचा नाही. उभं राहायचं, मुलांना नावानं हाक मारायची आणि काही वेगळं दिसलं तर पोलिसांच्या निर्भया पथकाला फोन करायचा. पहिल्या आठवड्यात मोटारसायकलवाले समोर येऊन थांबले, आमच्याकडे बघत राहिले. आम्हीही उभे राहिलो. सगळं थांबलंय असं मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर एकदा गॅदरिंगच्या तालमीवरून परत राडा झाला, तो शाळेपासून लांब. पण त्या कोपऱ्यावर पुन्हा झालेला नाही.

तो मुलगा शाळेत आहे. माझ्या मुलाशी बोलत नाही, माझा मुलगाही त्याच्याशी बोलत नाही, आणि मी कुणालाच बोलायला सांगितलेलं नाही. माझा मुलगा गंगावेशकडून सरळ रस्त्यानं घरी येतो. रात्री जेवताना मी आता "अभ्यास झाला का" हा प्रश्न दुसरा विचारते. पहिला विचारते, "आज मधल्या सुट्टीत कुणाबरोबर होतास?" कधी उत्तर येतं, कधी येत नाही. पण मी विचारायचं सोडत नाही.

उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे. कोपऱ्यावर माझी पाळी आहे, आणि माझ्याबरोबर त्या मुलाची आई उभी राहणार आहे. तिनं स्वतःहून नाव दिलं. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार भरलेले आहेत. गुरुवारी मात्र आमच्याकडे अजून माणसं कमी पडतात.

नमस्कार.