जिथून फोन येत नाही

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात एसटीची बस पावसात नेहमीच्या फेरीवर माळीण गावाकडे गेली, तेव्हा चालकाला ओळखीच्या जागी गाव दिसले नाही. डोंगराचा कडा खाली आला होता आणि घरे, झाडे, गोठे सारे चिखलाखाली गेले होते. माळीणची बातमी बाहेर पोहोचली ती त्या चालकामुळे. ज्यांनी मदतीसाठी फोन करायचा, तीच माणसे ढिगाऱ्याखाली होती. त्या दुर्घटनेत १५१ जणांचा मृत्यू झाला.

आपत्कालीन मदतकार्यात उतरणाऱ्या क्षेत्र अधिकाऱ्याच्या, म्हणजे गावकरी ज्याला सरळ ‘फील्ड ऑफिसर’ म्हणतात त्या माणसाच्या, कामाचा पाया या घटनेत दिसतो. ज्या गावातून दिवसभरात दहा फोन येतात तिथली गरज खरी असते. परंतु तिथे निदान मोबाइलला रेंज आहे, बॅटरी शिल्लक आहे आणि बोलणारा माणूस धडधाकट आहे. ज्या वाडीतून काहीच कळत नाही, तिचे नाव यादीत सर्वांत वर घ्यावे लागते. आम्ही या माहितीपटात ज्या कामाचा मागोवा घेतो आहोत, ते मुख्यतः हेच आहे : जो समोर आला नाही त्याला शोधून काढणे.

प्रथम एक फरक स्पष्ट करायला हवा. पाण्यात अडकलेल्यांना बोटीतून बाहेर काढणे हे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, नौदल आणि अग्निशमन दल यांचे प्रशिक्षित काम आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्ह्यातील सर्व कामाचे सूत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे असते. मदत संस्थेचा क्षेत्र अधिकारी या व्यवस्थेच्या शेजारी उभा राहून काम करतो. बचावकार्य चालू असतानाच तो पोहोचतो, आणि कॅमेरे निघून गेल्यानंतरही बराच काळ तिथेच असतो.

ऑगस्ट २०१९ मधील कृष्णा आणि पंचगंगेचा महापूर हे काम समजून घेण्यासाठी उपयोगी आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पलीकडे गेले. कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. डोंगराळ भागातील पूर काही तासांत येतो आणि ओसरतो, परंतु कृष्णाकाठचा पूर संथपणे चढतो आणि दिवसेंदिवस मुक्काम करतो. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि त्या संगमाभोवतीच्या शिरोळ तालुक्यात पाणी एकदा पसरले की गावे बेटांसारखी सुटी पडतात. बाहेरून पाहणाऱ्याला सगळीकडे सारखेच पाणी दिसते. प्रत्येक बेटावरची अडचण मात्र निराळी असते.

अशा वेळी अधिकाऱ्याचे पहिले काम म्हणजे पाहणी. पडद्यावर दिसणारा हा तालुक्याचा नकाशा त्याने गाडीच्या बॉनेटवर पसरला आहे आणि ज्या गावांशी संपर्क झाला त्यांवर तो पेन्सिलीने खुणा करतो आहे. त्याचे लक्ष मात्र खूण नसलेल्या गावांवर आहे. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि सरपंच यांच्याकडून त्याला गावाची अधिकृत बाजू कळते. त्याहून बारीक माहिती आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे असते. कोणत्या घरात बाळंतपण जवळ आले आहे, कोणाला एक दिवसाआड डायलिसिससाठी शहरात जावे लागते, कोणती आजी अंथरुणाला खिळली आहे आणि तिचा मुलगा मुंबईला आहे, हे त्यांना वही न उघडता सांगता येते. मदतकार्याच्या सरकारी आणि बिगरसरकारी बैठकांत या बायकांना खुर्ची मिळत नाही, ही गोष्ट आम्हाला चुकीची वाटते आणि ती इथे नोंदवणे आवश्यक आहे.

मदत ही रस्त्याच्या मार्गाने येते, त्यामुळे ती रस्त्यालगतच साचते. राज्यभरातून लोक मनापासून ट्रक भरून पाठवतात, चालकाला पूरग्रस्त म्हणून जे पहिले गाव लागते तिथे ट्रक रिकामा होतो, आणि आतल्या सात-आठ किलोमीटरवरच्या वस्तीला बिस्किटाचा पुडाही मिळत नाही. जुन्या कपड्यांचे तर ढीग लागतात, आणि ते ओले होऊन कुजू लागले की त्यांची विल्हेवाट लावणे हेच नवे काम होऊन बसते. देणाऱ्याच्या भावनेला धक्का न लावता त्याला ‘कपडे नकोत, ताडपत्री द्या, पाण्याच्या बाटल्या पुरे झाल्या, सॅनिटरी पॅड आणि मच्छरदाण्या पाठवा’ असे सांगणे, आणि ट्रक वळवून आतल्या गावाकडे नेणे, यात अधिकाऱ्याचा दिवसाचा मोठा भाग जातो.

पुराची सूचना मिळूनही लोक घर का सोडत नाहीत, हा प्रश्न शहरातून वारंवार विचारला जातो. कृष्णाकाठी त्याचे एक उत्तर गोठ्यात बांधलेले असते. दावणीच्या दोन म्हशी म्हणजे घराचा रोजचा पैसा, मुलांची फी आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता. जनावरांना कोठे न्यायचे याचे उत्तर नसेल, तर माणूस माडीवर थांबतो आणि पाणी जिन्यापर्यंत आल्यावर हाक मारतो. तोवर उशीर झालेला असतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर नेणारी बोट उलटली आणि सुटकेच्या वाटेवरच अनेकांचा जीव गेला. म्हणून जाणता अधिकारी माणसांच्या निवाऱ्याबरोबरच जनावरांच्या छावणीची आणि चाऱ्याची चौकशी करतो. चारा हा मदतीच्या यादीत खाली टाकण्याचा विषय नाही, कारण चाऱ्याची सोय झाली तर माणसे वेळेवर निघतात.

निवारा केंद्र बहुधा शाळेत, मंगल कार्यालयात किंवा साखर कारखान्याच्या आवारात उभे राहते. तिथे किती माणसे राहू शकतात, याचे जगभरच्या मदत संस्थांनी १९९७ पासून तयार केलेले काही किमान निकष आहेत. प्रत्येक माणसाला आच्छादित अशी साडेतीन चौरस मीटर जागा, दररोज १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय आणि पाण्याचे ठिकाण ५०० मीटरच्या आत, असे ते माप आहे. महापुराच्या पहिल्या आठवड्यात हे पूर्णपणे पाळले जाणे अवघड असते आणि अधिकाऱ्याला त्याची जाणीव असते. तरीही तो टेप घेऊन वर्गखोली मोजतो, कारण मोजल्याशिवाय वरच्या कार्यालयाकडे दुसरी शाळा मागता येत नाही. तो बायकांना स्वतंत्रपणे भेटतो, किंवा अधिक योग्य म्हणजे संस्थेतील महिला सहकारी त्यांना भेटते. शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा आहे का, दाराला आतून कडी आहे का, आंघोळीला आडोसा आहे का, हे प्रश्न सर्वांसमोर विचारले तर उत्तर येत नाही, आणि उत्तर आले नाही म्हणून सोय आहे असे गृहीत धरले, तर बायका दिवसभर पाणी पिणेच टाळतात.

यानंतर येते यादी, आणि या कामाचा सारा कस तिथे लागतो.

यादी रेशनकार्डावरून करणे सोपे असते. परंतु कागदावर एक कुटुंब असले तरी त्या घरात भावाभावांच्या तीन चुली असतात, आणि मदतीच्या एका संचातला पाच किलो तांदूळ तीन चुलींना पुरत नाही. म्हणून अनुभवी अधिकारी घरे मोजत नाही, चुली मोजतो. भाड्याने राहणारे मजूर, ज्यांचे नाव दुसऱ्या जिल्ह्याच्या किंवा दुसऱ्या राज्याच्या कार्डावर आहे, ते गावाच्या यादीत बसत नाहीत. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव माहेरच्या कार्डावरून उतरलेले असते आणि सासरच्या कार्डावर चढलेले नसते. गावकुसाबाहेरची वस्ती आणि पालात राहणारी भटकी कुटुंबे यांचा उल्लेख बैठकीत कोणी मुद्दाम टाळला नाही, तरी तो राहून जातो. गावाच्या मध्यभागी बसून केलेली यादी गावाच्या मध्यभागाचीच होते. तिच्यात भर पडते ती कडेकडेने चालत गेल्यावर.

कच्ची यादी तयार झाल्यावर ती चावडीवर किंवा देवळासमोर मोठ्याने वाचून दाखवली जाते आणि भिंतीवर चिकटवली जाते. हा प्रसंग शांततेत पार पडत नाही. ज्याची माडी कोरडी राहिली त्याचे नाव कसे, आणि ज्याची भिंत पडली त्याचे का नाही, असा आवाज उठतो. जुनी भांडणे, निवडणुकीतला राग, भावकीतले हिशेब सारे वर येते. अधिकारी तिथून निघून गेला, तर यादी बलवानाच्या घरी जाऊन पक्की होते. म्हणून त्याला थांबावे लागते, प्रत्येक हरकतीची लेखी नोंद करावी लागते आणि वादातल्या घरी स्वतः जाऊन पाहावे लागते. नाव का वगळले याचे कारण त्या माणसाला समोर बसवून सांगणे हा त्याच्या सन्मानाचा भाग आहे, असे या क्षेत्रातील चांगली माणसे मानतात, आणि आम्हालाही ते पटते.

वाटपाच्या आदल्या दिवशी कूपन दिले जाते. वाटपाच्या जागेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवतात, वृद्ध, गरोदर आणि अपंग व्यक्तींना वेगळी रांग असते, सावली आणि पिण्याचे पाणी असते, आणि संचात काय काय आहे याचा फलक प्रत्येकाला दिसेल असा लावलेला असतो, म्हणजे कमी मिळाले तर मागता येते. मदत घेणाऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरून त्याला हात जोडायला लावणे हा प्रकार थांबवणे हेसुद्धा अधिकाऱ्याचेच काम आहे. चित्रीकरण करताना आम्हीही परवानगी घेतल्याशिवाय कोणाचा चेहरा घेतलेला नाही.

पाणी ओसरले की बाहेरच्या जगाला आपत्ती संपली असे वाटते. गावात मात्र तेव्हा दुसरा आणि अधिक चिवट टप्पा सुरू होतो. विहिरींत गाळ आणि मेलेली जनावरे असतात. पाणी उपसणे, गाळ काढणे, जंतू मारणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणे आणि मग जलसुरक्षकाबरोबर, म्हणजे गावचे पाणी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर, पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट घेणे, हा क्रम चुकवता येत नाही. शेवटच्या नळाच्या पाण्यातसुद्धा लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. टाकीजवळ घेतलेली चाचणी पुरेशी नाही. चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरणाऱ्या रोगाचा, धोका असतो, आणि ताप पुरानंतर आठ-पंधरा दिवसांनीही येऊ शकतो. म्हणून पायावर जखम असलेल्याला गमबूट देणे आणि तापाच्या रुग्णाला अंगावर न काढता आरोग्य केंद्रात पाठवणे, हे त्या दिवसांत सतत सांगावे लागते. घर साफ करताना अडगळीत आलेले साप निघतात. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष आज शिल्लक आहे, हे अधिकाऱ्याच्या डायरीत लिहिलेले असते.

याच काळात पंचनामे होतात. घर धुऊन स्वच्छ करण्याची घाई आणि पंचनाम्यासाठी नुकसान तसेच ठेवण्याची गरज यांत कुटुंब अडकते. अधिकारी त्यांना फोटो काढून ठेवायला सांगतो, वाहून गेलेली कागदपत्रे पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज लिहून देतो, बँकेचे पासबुक कोणाच्या नावावर आहे ते पाहतो. हे काम पडद्यावर दाखवण्याजोगे नाही, परंतु सानुग्रह अनुदान खात्यावर जमा होणे अनेकदा अशा एका अर्जावर अवलंबून असते.

हे काम करणाऱ्यांचे शरीरही माणसाचेच असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि पथके पावसात अंधारातून डोंगर चढून गेली. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा त्या चढावरच हृदयविकाराने मृत्यू झाला. क्षेत्र अधिकाऱ्यांना झोप, वेळेवर जेवण आणि ठरावीक दिवसांनी सक्तीची सुट्टी मिळाली पाहिजे. दमलेला माणूस आधी चिडतो आणि मग चुका करतो, आणि अशा चुकीचा भार ज्याच्याकडे आधीच काही उरलेले नाही त्याच्यावर पडतो. संस्थांनी याला ऐच्छिक सुविधा समजू नये.

दिवाळीनंतर तात्पुरते कार्यालय बंद होते. त्याआधी अधिकारी सर्व नोंदी ग्रामपंचायतीकडे सोपवतो, आणि ज्या संस्था नीट काम करतात त्या पुढच्या मे महिन्यात परत येतात. तेव्हा नदीत पाऊलभर पाणी असते आणि पुराचा विषय काढला तर लोक ऊस लागवडीबद्दल बोलू लागतात. तरीही ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताई यांना घेऊन तो गावभर फिरतो आणि कोणाला उचलून न्यावे लागेल, कोणाला ऐकू येत नाही, कोणाकडे जनावरे आहेत आणि ती कोणत्या छावणीत जातील, हे घरागणिक लिहून काढतो. बोटीत किती माणसे बसवायची तो आकडा बोटीवर रंगवला जातो आणि तितकी लाइफ जॅकेट मोजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवली जातात. खोलीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, आणि त्या दोघांचे मोबाइल क्रमांक दारावर रंगवलेले असतात. ज्या घरांत फोन नाही, त्या प्रत्येक घरासमोर यादीत एका शेजाऱ्याचे नाव लिहिले जाते, आणि पाणी इशारा पातळीला आले की त्या शेजाऱ्याने जाऊन दार वाजवायचे असे ठरते.