दाराच्या चौकटीवरची पाटी

नमस्कार. आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या गाडीचं चालकाकडचं दार उघडलं की चौकटीवर एक लहानसं स्टिकर दिसतं. ते किती जणांनी वाचलंय? चार हात वर आलेत. टायरची हवा बघायला वाचलं असेल ना? बरोबर, हवेचा दाब त्यावरच असतो. पण बऱ्याच गाड्यांवर तिथेच आणखी एक आकडा असतो. गाडीत माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, त्याचा. काही देशांत तो स्टिकरऐवजी गाडीच्या कागदपत्रांवरून काढावा लागतो. याला पेलोड म्हणतात, आणि आजचं निम्मं व्याख्यान या एका आकड्याबद्दल आहे.

कुटुंबासाठी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर, कसा निवडायचा, असा विषय ठेवून तुम्ही मला बोलावलंत आणि मी गाडीच्या दारापाशीच उभा राहिलोय, हे मला कळतंय. पण लोक नेमकं उलट्या टोकाने सुरू करतात. आधी ट्रेलर आवडतो. मग त्यातले पलंग मोजले जातात. मग घरच्या गाडीला तो ओढवेल का, असं विक्रेत्याला विचारलं जातं आणि विक्रेता म्हणतो, "आरामात ओढेल." आम्हालाही असंच सांगितलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. गाडी ओढणारच होती. प्रश्न ओढण्याचा नव्हताच.

जरा हिशेब मांडू या. समजा, तुमच्या गाडीची ओढण्याची क्षमता २,३०० किलो आहे आणि पेलोड ५५० किलो. तुम्ही निवडलेला ट्रेलर सामानासकट २,००० किलो भरतो. म्हणजे ३०० किलो हातचे राखून, वाटतं ना? आता ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. पुढचा काही भाग हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या आकड्याच्या, बॉलवर, अर्थात तुमच्या गाडीच्या पाठीवर बसतो. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरमध्ये तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. १२ टक्के धरा. २४० किलो. आई, वडील, दोन मुलं मिळून २०५. डिकीतलं सामान ८०. वजन विभागणाऱ्या हिचचं लोखंड ४०. बेरीज करा. ५६५. गाडी अजून २,३०० किलो ओढायला तयार आहे, पण पाठीवरचा भार मर्यादेच्या १५ किलो वर गेलाय. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, ते हे असं.

मग कोणी म्हणतं, हिचवरचं वजन कमी करू, जड सामान ट्रेलरच्या मागच्या भागात ठेवू. कृपा करून हे करू नका. पुढचा भार कमी झाला की ट्रेलर डोलायला लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला किंवा पुलावर आडवा वारा लागला की मागचं शेपूट डावीकडे जातं, मग उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तेच चुकतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर चालकाजवळच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागून ताण आला की रांग सरळ होते. हे वाचून येत नाही. मोकळ्या मैदानात कमी वेगाने तो कंट्रोलर हाताने शोधायची सवय करा. युरोपातल्या कॅरॅव्हॅन, म्हणजे तिकडचे असेच ट्रेलर, हलक्या असतात, तिथे हिचवरच्या भाराचं प्रमाण ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. तेव्हा इंटरनेटवर एखादा आकडा सापडला तर तो कुठल्या पद्धतीच्या ट्रेलरचा आहे, हे आधी बघा. परवान्याचंही तसंच. युरोपीय संघात मोटारीच्या साध्या 'बी' वर्गाच्या परवान्यावर ७५० किलोपेक्षा जड ट्रेलर जोडायचा, तर गाडी आणि ट्रेलर यांची मिळून कमाल अधिकृत मर्यादा ३,५०० किलोच्या आत लागते. इतरत्र वेगळे नियम. आपल्याकडचा नियम खरेदीआधी वाचा, नंतर नाही.

ब्रोशरमधलं 'कोरडं वजन' ही या धंद्यातली सगळ्यात गोड थाप आहे. तसा ट्रेलर रस्त्यावर कधीच नसतो. त्यात पाणी नाही, भरलेले सिलिंडर नाहीत, पुष्कळदा बॅटरीही नाही. टाकीत १५० लिटर पाणी भरलं की १५० किलो झाले. मग भांडी, अंथरुणं, खुर्च्या, सायकली. तुम्ही बघायचा तो ट्रेलरच्या पाटीवरचा कमाल वजनाचा आकडा, आणि हिशेब त्याच्यावरच करायचा, कारण कुटुंब असलं की ट्रेलर त्या आकड्यापर्यंत भरतोच. कपाट रिकामं ठेवणारं कुटुंब मी तरी पाहिलेलं नाही. पहिल्या सहलीला निघताना सगळं भरून वजनकाट्यावर जा. तिथला कागद हेच खरं उत्तर.

हा वजनाचा प्रश्न नवा नाही, बरं का. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी निव्वळ भटकंतीच्या हौशीसाठी ब्रिस्टलच्या कारखान्यातून एक गाडी बनवून घेतली. तिचं नाव 'वाँडरर'. हौसेखातर बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून तिचा उल्लेख होतो. आत सगळा थाट, आणि ओढायला दोन घोडे. प्रत्येक चढाला त्या घोड्यांच्या मनात काय येत असेल, ते तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सला विचारा.

आता आत जाऊ या. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. ट्रेलरमध्ये हे शब्दशः खरं आहे. बऱ्याच ट्रेलरमध्ये 'क्वीन' म्हणून जी गादी असते ती ६० बाय ७५ इंचांची असते, कधी त्याहून इंचभर कमी. घरातली क्वीन ८० इंच लांब असते. उंच माणसाला ते पाच इंच पहाटे तीन वाजता कळतात. तेव्हा विक्रेत्यासमोर लाजू नका. चपला काढा आणि आडवे व्हा. दोघांनी एकदम व्हा. पलंग भिंतीला आडवा लावलेला असेल, तर भिंतीकडच्याला रात्री उठताना दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. हे एका रात्री गंमत असते, दहाव्या रात्री भांडण.

'सहा जण झोपतात' असं लिहिलेलं असतं, त्यातले दोघे बहुधा जेवणाच्या टेबलावर झोपतात. म्हणजे टेबल खाली करायचं, गाद्या जुळवायच्या, सकाळी पुन्हा उभं करायचं. तिथे झोपणारा माणूस सगळ्यात शेवटी झोपतो आणि सगळ्यात आधी उठतो. लहान मुलाला ती जागा दिलीत तर संध्याकाळी साडेआठनंतर मोठ्यांना बसायला जागाच उरत नाही. म्हणून मुलं असतील तर माझं स्पष्ट मत आहे: कायमचे बंक, म्हणजे एकावर एक पलंग, असलेला ट्रेलर घ्या, भले दिवाणखान्यासारखी जागा कमी मिळो. बंकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. आज सात वर्षांचा असलेला मुलगा पाच वर्षांनी बारा वर्षांचा होतो. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण ट्रेलर घेताना लोक हे खरोखर विसरतात.

आता माझी आवडती परीक्षा. पावसाची. सगळ्या कुटुंबाला घेऊन ट्रेलरमध्ये शिरा, दार लावा आणि अर्धा तास बसा. बाहेर धो धो पाऊस आहे असं समजा. एक जण ओट्याशी उभा राहून स्वयंपाकाची नक्कल करतोय, एकाला बाथरूमला जायचंय, धाकट्याला खेळणं हवंय, आणि ओले बूट कुठे काढायचे? दाराशी जागा आहे का? ओट्याजवळचा माणूस हलल्याशिवाय मागे जाता येतं का? कॅम्पिंगला माणूस बाहेर राहायला जातो हे खरं, पण ट्रेलर लागतो तो बाहेर राहता येत नाही तेव्हा. उन्हात सगळेच ट्रेलर छान असतात.

याच वेळी विक्रेत्याला स्लाइड-आउट बंद करायला सांगा. स्लाइड-आउट म्हणजे थांबल्यावर बाहेर सरकणारा भिंतीचा भाग. उघडा असताना आत महाल वाटतो. पण प्रवासात रस्त्याकडेला थांबलात आणि तो बंद आहे, तर फ्रिज उघडतो का? बाथरूमपर्यंत जाता येतं का? मुलांबरोबर प्रवास करणाऱ्यांसाठी दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. शिवाय स्लाइड म्हणजे अधिक वजन, मोटर, आणि पाणी शिरायला आणखी एक फट.

पाणी. ट्रेलरचा खरा शत्रू रस्ता नव्हे, पाणी. इंजिन नाही म्हणजे बिघडणार काय, असं वाटतं. पण हे घर तासाला ९० किलोमीटरने धावतं, प्रत्येक खड्ड्यात हलतं, आणि छताचे सांधे केवळ सीलंटवर टिकून असतात. ते सीलंट उन्हाने तडकतं. एक बारीक फट पडली की पाणी भिंतीत उतरतं, लाकडी सांगाडा आतून कुजतो, आणि बाहेरून वर्ष-दोन वर्षं काही दिसतही नाही. जुना ट्रेलर बघायला गेलात तर सुंदर पडद्यांकडे बघू नका. सगळ्या कोपऱ्यांत, खिडक्यांखाली, दाराशी, टाचेने जमीन दाबा. मऊ लागली की निघा. बाहेरून भिंतीला उन्हात तिरपं बघा. फुगवटे दिसले तर पत्रा आतल्या थरापासून सुटलाय. कपाटं उघडून नाकाने वास घ्या. ओलाव्याचं मीटर मिळालं तर उत्तम. नव्याने रंगवलेला एकच कोपरा दिसला तर तो का रंगवला, हे नक्की विचारा. आम्ही एकदा विचारलं नव्हतं. पुढचे तीन शनिवार-रविवार मी जमीन उखडत होतो.

सांधेच कमी असले तर? हा विचार जुना आहे. १९६८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये 'बोलर' नावाचा फायबरग्लासचा छोटा ट्रेलर निघाला. वरचा आणि खालचा असे दोन साचे, मधोमध एकच सांधा, दिसायला अंडं. त्या घाटाचे ट्रेलर आजही बनतात, आणि जुनेही चांगल्या स्थितीत सापडतात. अडचण एवढीच की अंड्यात चौघांचं कुटुंब कोंबावं लागतं. दोन लहान मुलं असतील तर काही वर्षं निभावतं.

टाक्यांचं थोडक्यात सांगतो. तीन असतात: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. सगळे मैल्याच्या टाकीला घाबरतात, पण कुटुंबाची आधी भरते ती सांडपाण्याची. शॉवर मिनिटाला सहा लिटर धरला आणि चौघांनी पाच-पाच मिनिटं अंघोळ केली, तर १२० लिटर. कित्येक ट्रेलरची टाकीच तेवढी. पाण्याची-ड्रेनेजची जोडणी नसलेल्या जागी राहायचं असेल, तर पलंगांच्या आधी या टाकीचा आकडा विचारा. मैल्याच्या टाकीची झडप मात्र सदा उघडी ठेवू नका. पातळ वाहून जातं आणि घट्ट तिथेच साचतं. रिकामी करताना आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर ट्रेलर समतल उभा करावाच लागतो, कारण आतलं द्रव गुरुत्वाकर्षणाने फिरतं. बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्रेसर फ्रिजला हा नखरा नाही, पण तो बॅटरी खातो. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, लिथियममधली बरीचशी वापरता येते. हे सगळं पुढे बदलता येतं. ट्रेलरचा नकाशा आणि वजन बदलता येत नाही. माझं सगळं लक्ष तिथे आहे, ते म्हणून.

टायरवर मात्र थांबतो. जुन्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत ठेवून म्हातारे होतात, कारण तो वर्षातले बहुतेक दिवस उभाच असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३२१९ असतील तर २०१९ सालचा ३२वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर कितीही नवा दिसला तरी बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. आणि ट्रेलरच्या खास टायरवर वेगाची मर्यादा असते, अनेकांची तासाला १०५ किलोमीटर. गाडी १२० ने जाऊ शकते म्हणून ट्रेलर जाऊ शकत नाही.

मघाशी चिठ्ठी आली होती की मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोला. दोन गोष्टी. सिलिंडरमधला प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ असतो. त्याच्यावर चटई किंवा चपला टाकू नका. हा आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर, दोघांवर मुदतीची तारीख असते. जुन्या ट्रेलरमध्ये ती उलटून गेलेली असते, हे जवळजवळ ठरलेलंच. दुसरं, बंकजवळ आपत्कालीन खिडकी असते. ती मुलांकडून उघडून घ्या. तुम्ही दाखवायचं नाही, त्यांनी उघडायची, अंधारात. आमच्या धाकटीला ती कडी ओढवत नव्हती. कडीला तेल घातलं, तेव्हा कुठे जमलं.

आणखी प्रश्न आहेत, दिसतायत मला. नवा की जुना, भाड्याने घेऊन बघावा का. भाड्याने जरूर बघा, आणि तोही पावसाळी हवेत बघा. बाकीचं चालता चालता बोलू. पार्किंगमध्ये तुमच्या गाड्या उभ्या आहेत. ज्यांनी मघाशी हात वर केला नाही, त्यांनी किल्ल्या काढा. कोणाकडे टॉर्च आहे का? ती अक्षरं फार बारीक असतात.