शिकताना मेंदूत नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी, आज जरा मेंदूबद्दल बोलूया. आपल्या डोक्यात साधारण 8600 कोटी न्यूरॉन्स, म्हणजे निरोप वाहणाऱ्या पेशी, आहेत, पण बहुतेक ठिकाणी ते एकमेकांना चिकटलेले नसतात बरं का, दोघांच्या मध्ये बारीकशी फट असते, जेमतेम 20 नॅनोमीटरची, या जोडाला म्हणतात सिनॅप्स. न्यूरॉनच्या आत सिग्नल विजेचा असतो, सोडियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, भराभर आत शिरतात आणि ती लाट पुढे पुढे सरकते, पण फटीपाशी ती थांबते, मग निरोप पलीकडे जातो कसा?

शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाची व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस, विजेने उत्तेजित केली, ठोके मंदावले, मग त्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्याला दिलं आणि त्याला कुणी हातही लावला नव्हता तरी त्याचेही ठोके मंदावले! म्हणजे निरोप केमिकलने जातो. इतका साधा आणि इतका पक्का प्रयोग, मला तर तो फारच आवडतो.

आणि शिकणं घडतं ते याच फटीपाशी. एखादा सिनॅप्स पुन्हा पुन्हा जोरात वापरला गेला की पलीकडच्या बाजूला रिसेप्टर, म्हणजे केमिकलचा निरोप झेलणारे रेणू, वाढतात, मग तेवढ्याच सिग्नलला जास्त प्रतिसाद मिळतो. ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये सशाच्या मेंदूत हा वाढलेला प्रतिसाद दाखवला, थोडा वेळ दिलेल्या विजेच्या झटक्यांचा परिणाम तासन्‌तास टिकला. म्हणून मुलाला एकदा सांगून समजलं नाही की लगेच "याला डोकंच नाही" म्हणतात ना, ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं, अहो, त्याच्या मेंदूत प्रत्यक्ष बांधकाम चालू असतं, त्याला वेळ लागणारच, सराव लागणार, झोपही लागणार.

मोठ्यांचंही तेच. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना लायसन्ससाठी सुमारे 25 हजार रस्ते पाठ करावे लागतात, त्यात काही वर्षं जातात, आणि जे पास झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणी आणि रस्ते लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा भाग स्कॅनमध्ये वाढलेला दिसला, नापास झालेल्यांचा नाही.

उलट लहानपणी जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात आणि न वापरलेल्या हळूहळू छाटल्या जातात. कपाळामागच्या भागात, जिथून आपण विचार करून निर्णय घेतो, तिथे हे काम विशीतही चालू असतं. त्यानंतरही सिनॅप्स बदलायचे थांबत नाहीत, वेग कमी होतो एवढंच.