अटकेनंतर कोर्टातला पहिला दिवस

मघाशी मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलं, मॅडम मुलाला रात्री उचललं तर सकाळी कोर्टात लगेच केस चालते का, साक्षीदार येतात का, तर नाही ताई, त्या दिवशी मुलगा दोषी आहे की नाही हा विषयच नसतो. त्या दिवशी कोर्ट एवढंच बघतं, की अटक नियमाने झाली का आणि आता याला ठेवायचं कुठे, पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे जेल, की जामीन.

अटकेपासून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायलाच लागतं, प्रवासाचा वेळ फक्त वेगळा. हे घटनेच्या कलम २२ मध्ये आहे, त्यामुळे "उद्या रविवार आहे, सोमवारी बघू" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा निर्णय घ्यायला, मॅजिस्ट्रेट असतात. आणि गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन पोलीस स्टेशनलाच मिळतो, कोर्टापर्यंत जायचीही गरज नसते.

आधी सरकारी दवाखान्यात मेडिकल होतं, मग कोर्टाच्या व्हरांड्यात वाट बघणं. नंबर आला की दोन-तीन मिनिटांत सगळं उरकतं, घरचे दारापर्यंत पोचेपर्यंत मुलगा बाहेरसुद्धा आलेला असतो. तपासी अधिकारी रिमांड रिपोर्ट देतो, मुद्देमाल जप्त करायचाय, साथीदार फरार आहे, म्हणून इतके दिवस पीसीआर द्या. त्याची कॉपी आपल्या वकिलाने मागायची आणि विचारायचं, की मोबाईल तर कालच जप्त झालाय मग आता पीसीआर कशाला? अटकेची कारणंसुद्धा लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यावी लागतात, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्याच एका केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय.

मॅजिस्ट्रेट साहेब आरोपीला विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मी सुरुवातीला प्रॅक्टिस करत होते तेव्हा विशीतला एक पोरगा "नाही साहेब" म्हणाला आणि बाहेर आल्यावर मला त्याचे तळपाय दाखवले, सुजलेले होते. पोलीस शेजारीच उभा होता, बोलणार कसा तो? पण "नाही" असं एकदा रेकॉर्डवर आलं की नंतर मारहाण सिद्ध करणं फार जड जातं, मला त्याचं आजही वाईट वाटतं कारण मी त्याला आत जायच्या आधी हे सांगायला हवं होतं. मारलं असेल तर तिथेच सांगायचं, कुठे लागलंय ते दाखवायचं, साहेब ते लिहून घेतात आणि वकील पुन्हा मेडिकल मागू शकतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका, कस्टडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० ला फोन करा किंवा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा.

आता पीसीआरचं. एकूण १५ दिवसांच्या वर देता येत नाही, पण १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, त्यात हे १५ दिवस गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्याने मागता येतात, म्हणजे एमसीआर झाला म्हणून पीसीआर संपला असं धरून चालू नका, पूर्वी आम्ही तसं निर्धास्त सांगायचो. एमसीआर झाला की सहसा वकील लगेच जामिनाचा अर्ज टाकतात, तेव्हा जामीनदाराचं आधार, रेशन कार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप हे आधीच पिशवीत असू द्या, नाहीतर ऑर्डर होऊनही नुसत्या कागदांसाठी पोरगा आणखी दोन रात्री आत राहतो.

आणि ताई, तुमच्या मुलाला फिटच्या गोळ्या आहेत म्हणालात ना, मग डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्या घेऊन या, वकील तिथेच कोर्टाला सांगतील आणि ऑर्डरमध्ये लिहून घेतील, म्हणजे कोठडीत त्या वेळेवर दिल्या जातील.