हुकूम, नाइलाज आणि आपला वाटा

मंडळी, स्वातंत्र्य आणि जबाबदारी या विषयावर अमळनेरात बोलायचं म्हणजे मनावर थोडं दडपण येतंच. प्रताप शेठजींनी १९१६ साली या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तत्त्वज्ञ के. सी. भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० साली याच संस्थेनं प्रसिद्ध केला. देशाच्या तत्त्वचिंतनात खानदेशाचं हे ऋण मोठं आहे, आणि आपल्याच मुलांना ते सांगायचं राहून जातं.

पण आज मी सुरुवात ग्रंथापासून करणार नाही, नंदुरबारपासून करतो. ९ सप्टेंबर १९४२. हातात तिरंगा घेतलेली मुलं, समोर पोलीस. गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता गेला, सोळावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हेही गेले. ही नावं इथे सगळ्यांना पाठ आहेत. मला विचारायचंय ते बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या शिपायाबद्दल.

तो काय म्हणाला असता? साहेबांचा हुकूम होता. नोकरी होती, घरी खाणारी तोंडं होती. काय करू भाऊ, करनं पडस. यातलं काहीही खोटं नाही. पण कारणंच मोजायची, तर मुलाच्या बाजूलाही होतीच की. घरचं वातावरण, गांधीजींची हाक, वय, सोबतचे मित्र. त्यानं झेंडा का धरला हे आपण उलगडून सांगू शकतो, आणि सांगितल्यानं त्याचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. मग शिपायानं गोळी का झाडली हे उलगडलं की त्याचा दोष मात्र विरघळून जातो, हे कसं? कारण सांगितल्यानं कर्ता पुसला जात नसेल, तर तो दोन्हीकडे पुसला जाता कामा नये.

कायद्याचं उत्तर ठरलेलं होतं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ७६ व्या कलमाखाली एक उदाहरण दिलेलं होतं: कायद्याच्या आज्ञेला धरून, वरिष्ठाच्या हुकमानं शिपाई जमावावर गोळी झाडतो, त्यानं कोणताही गुन्हा केलेला नाही. राज्य चालवणाऱ्याला असं कलम लागतंच. पण गुन्हा नाही म्हणजे जबाबदारी नाही, हे मला पटत नाही. आणि न पटण्याचं कारण पेशावरात आहे. २३ एप्रिल १९३० रोजी गढवाल रायफल्सच्या शिपायांनी, चंद्रसिंह गढवालींच्या पुढाकारानं, निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायला नकार दिला. त्यांनाही पोट होतं, घर होतं, हुकूमही होता. कोर्ट मार्शल झालं, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. म्हणजे नकार देता येत होता. मात्र त्याची किंमत भयंकर होती, हेही तितकंच खरं, आणि ते विसरून शिपायाला सैतान ठरवणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

ॲरिस्टॉटलनं ‘नीतिशास्त्रा’त वादळात सापडलेल्या गलबताचं उदाहरण घेतलंय. जहाज बुडू नये म्हणून माल समुद्रात फेकला. कुणी आपखुशीनं माल फेकत नाही, तरी त्या क्षणी फेकणारा तोच असतो, हात त्याचेच असतात. त्याला दोष द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे वादळ पाहून ठरतं. नाझी पुढाऱ्यांवरच्या खटल्यासाठी केलेल्या १९४५ च्या न्यूरेंबर्ग सनदेनंही हेच धरलं: हुकूम होता म्हणून जबाबदारीतून सुटका नाही, पण शिक्षा ठरवताना तो विचारात घेता येईल. दडपण दोषाचं माप बदलतं, कर्तेपण बदलत नाही. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

इथे भट्टाचार्य फार कामाला येतात. देह, मनातल्या प्रतिमा, भावना या एकेका थरापासून ‘मी’ स्वतःला वेगळा ओळखतो, आणि हे वेगळं होत जाणं म्हणजेच स्वातंत्र्य, असा त्यांचा विचार. अवघड आहे, पण व्यवहारात तो रोज भेटतो. ‘माझा स्वभावच असा आहे, मी रागावणारच’ असं म्हणणारा माणूस स्वतःकडे परक्यासारखा बघतो, उद्या पाऊस पडेल असं सांगावं तसं स्वतःबद्दल भाकीत करतो. रागावायचं की नाही, हे त्याला ठरवायचंय. भाकीत करून तो ठरवण्याचं टाळतो.

आता आपल्या दारात येऊ. हुंडा. १९६१ चा कायदा घेणारा आणि देणारा, दोघांनाही गुन्हेगार धरतो. नैतिकदृष्ट्या मात्र दोघांना एका मापानं मोजता येत नाही. मुलीचा बाप शेत गहाण टाकून पैसे उभे करतो, तो वादळात माल फेकतोय. वादळ कोण आहे? मुलाचे वडील म्हणतात, आमची मागणी काही नाही, समाजाची रीत आहे. मुलगा म्हणतो, मी वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. मध्यस्थ म्हणतो, मी फक्त निरोप्या. प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि पैसे तर पोचलेले असतात.

मला त्या मुलाबद्दल जास्त बोलायचंय. शिकलेला, नोकरीला लागलेला. नाही म्हटलं तर त्याला जन्मठेप होत नाही. वडील काही महिने बोलणार नाहीत, काका लग्नाला येणार नाहीत, इतकंच. पेशावरच्या शिपायासमोर जे होतं त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही. ज्याला नकार इतका स्वस्त पडतो, त्याचा ‘नाइलाज’ मी मान्य करू शकत नाही. आणि सगळं ठाऊक असून त्या मांडवात पंगतीला बसणाऱ्यांचाही यात वाटा आहे. थोडा असेल, पण आहे, आणि तो आपला आहे.