गोठ्याच्या राखणीला मावळा

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच प्रश्न फिरतो. लाल टी-शर्ट चालेल, की सांताचा पूर्ण ड्रेसच हवा? ठाण्यातल्या एका बालवाडीत मी बावीस वर्षं ताई आहे. लहान गट आणि मोठा गट, म्हणजे तीन ते सहा वर्षांची पोरं. माझं उत्तर ठरलेलं. लाल काही असेल तर घाला, नसेल तर रोजचं घाला, फक्त बाह्या कोपरापर्यंत वर सरकायला हव्यात. बाह्यांचं कारण पुढे येईलच.

इंग्लंडात शाळेचं सत्र संपतं तेच नाताळला. सुट्टी लागायच्या आधी तिथल्या बालशाळांमधली चिमुरडी येशूजन्माचं नाटुकलं करतात. स्वयंपाकघरातला पंचा डोक्याला गुंडाळला की झाला मेंढपाळ. आपलं सत्र संपतं दिवाळीला, नाताळची सुट्टी मिळाली तर थोडे दिवस. तरी आता आपल्याकडच्या नर्सऱ्यांमधूनही तो थाट दिसतो. बाहेर दुपारी तीस अंश, पंखे गरगरतायत आणि खिडकीच्या गजांना कापसाचा बर्फ. माझं त्या बर्फाशी काही वाकडं नाही, मुलांना कापूस चिकटवायला आवडतो. पण एक गोष्ट मला खटकायची. नाताळ म्हणजे कुठून तरी लांबून, गाडीत बसून येणारा सण, असं आपण मुलांना दाखवतो. आणि तलावपाळीला फिरायला जाताना सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चवरून तर आपण कितीदा जातो!

ते चर्च पोर्तुगीज काळातलं. 1534 मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मधली दोनशे वर्षं काही नुसती लढाईत गेली नाहीत. आपला ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज, नाताल म्हणजे जन्म. पाव, पगार, चावी, पाद्री हेही त्याच गलबतातून उतरलेले. उत्तन, गोराई, वसई इथे पिढ्यानपिढ्या घरात मराठी बोलणारे, मासेमारी आणि शेती करणारे ख्रिस्ती आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं तेसुद्धा 1887 मध्ये. नाव नवं, माणसं इथलीच.

हे मला पुस्तकातून नाही, आमच्या शाळेतल्या मावशींमुळे उमगलं. मावशी मूळच्या उत्तनच्या. एका डिसेंबरात त्यांनी डबा उघडला आणि मोठ्या गटातला एक पोरगा ओरडला, “अळ्या!” मावशी हसून हसून बेजार. ते होते कुलकुल. गंमत म्हणजे गोव्यात त्याला किड्यो म्हणतात, तेव्हा पोराचं काही चुकलं नव्हतं. मैदा, मूठभर रवा, गरम तुपाचं मोहन, नारळाचं दूध, साखर. आपल्या शंकरपाळ्याचं मावसभावंड म्हणा. काही घरांत अंडं घालतात, शाळेत आम्ही घालत नाही. सगळ्यांच्या घरी चालतं असं नाही, आणि एका पोराने खायचं, दुसऱ्याने बघायचं, असा प्रकार मला नको.

तर आता बाह्या. सकाळी हात धुऊन, नखं बघून मुलं सतरंजीवर बसतात. प्रत्येकाला बोराएवढ्या पाच गोळ्या आणि एक काटा-चमचा. गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, पसरायची आणि खालून वर वळत आणायची. रेघांचा शिंपला तयार. ऐकायला सोपं. तीन वर्षांच्या बोटांना ते मुळीच सोपं नाही. दाब जास्त झाला की पीठ काट्याच्या फटीत बसतं, कमी झाला की गुंडाळतच नाही. एकेकाची जीभ बाहेर येते, भुवया आखडतात, वर्गात अशी शांतता पसरते की शेजारच्या वर्गातली ताई डोकावून बघते, झोपली की काय सगळी! पेन्सिल धरायला जी तीन बोटं लागतात तीच इथे कामाला लागतात. पेन्सिल मात्र मुलाला अजून नकोशी असते आणि कुलकुल हवासा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षण सुरू केलं, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर वेगळा झाला 2014 मध्ये. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून त्या अडून बसल्या नाहीत. शिंपले, खडे, पानं, बिया, जे आसपास मिळेल त्याचंच साधन केलं. काटा-चमच्यावरची ती गोळी बघताना मला हटकून त्यांची आठवण होते. तळणं अर्थातच मुलांसमोर नाही. मावशी घरून तळून, पाकात घोळवून आणतात. आणि आपापला वेडावाकडा कुलकुल ओळखल्याचा दावा प्रत्येक जण छातीठोकपणे करतो.

दुसरं काम गोठ्याचं, म्हणजे येशूबाळ जन्मला त्या गोठ्याच्या देखाव्याचं. मावशी त्याला गव्हाण म्हणतात. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरायची मुलांना सवय असतेच, म्हणून आठवडाभर आधी ताटात माती घालून अळीव पेरतो. खोक्याचा गोठा, वर नारळाच्या झावळीचं छप्पर. गाय-बैल मुलांच्या खेळण्यातले. मेंढपाळ मिळेनात तेव्हा एकाने घरून किल्ल्यावरचे मावळे आणले. ढाल-तलवारीसकट एक मावळा गोठ्याच्या दाराशी उभा राहिला, शेजारी तोफ. काढावी का, असं मी क्षणभर मनात म्हटलं. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, “राहू द्या ताई. बाळाला राखण नको?” राहिली तोफ.

मग गोष्ट. पूर्वेकडून ज्ञानी माणसं आली, त्यांनी बाळाला सोनं, ऊद आणि गंधरस दिला. ऊद म्हटल्यावर दोघा-तिघांनी “आमच्या घरी देवापुढे असतो” म्हणून हात वर केले. एका मुलीला मात्र काळजी पडली होती. “झबलं-टोपडं कोणीच नाही आणलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या आजीने शिवलेलं बोटभर टोपडं आलं. ते आजतागायत आमच्या कपाटात आहे.

आता सांताबद्दल. एके वर्षी आम्ही दाढी-मिशी चढवलेला सांता एकदम दारातून आत आणला, हो हो करत. लहान गटातल्या बावीसपैकी अकरा मुलांनी भोकाड पसरलं. पालक दारात मोबाईल धरून, “अगं, हास ना, फोटो!” चूक सरळसरळ आमची होती. तीन वर्षांच्या पोराला एवढा लाल, केसाळ, अनोळखी बुवा अंगावर आलेला कसा आवडेल? संत निकोलस हे चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप होते. आता त्यांचा सांता होताना दाढी एवढी का वाढली, ते मुलांना कोण समजावणार!

तेव्हापासून सांता आमच्याकडे आतच तयार होतो. मुलांना घरून आणणारे रिक्षाकाका वर्गात येऊन सतरंजीवर बसतात. एक जण टोपी देतो, एक पट्टा लावतो, दाढी चिकटवायला तर रांग लागते. काकांच्या नाकात कापूस जातो, ते शिंकतात, दाढी उडते, पुन्हा चिकटवायची. नाटक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी खाऊ मिळाल्यावर “थँक्यू सांता” म्हणतात, “थँक्यू काका” नाही. आणि पालकांना त्या दिवशी आम्ही शेवटच्या दहा मिनिटांसाठीच बोलावतो. याबद्दल दरवर्षी दोन-तीन नाराजीचे फोन येतात, ते मी घेते.

सुट्टीनंतर जानेवारीत वर्ग उघडला तेव्हा अळीव पिवळा पडून आडवा झाला होता. मावळ्यांचा मालक दप्तर न ठेवताच थेट गोठ्याकडे गेला. त्याने तोफ उचलली. मावळा तिथेच. “तो नको का रे?” मी विचारलं. म्हणाला, “घरी अजून सात आहेत. तोफ एकच आहे.”

नमस्कार.