मामींचं ‘येऊ द्या’ आणि मामांचा हप्ता

श्रोतेहो, नमस्कार.

वय वाढलं की गाडीच्या विम्याचा हप्ता वाढतो का? आज त्यावर बोलायचं आहे. विमा म्हटलं की अर्धे श्रोते चहा ठेवायला उठतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून सुरुवात आमच्या बापूमामांपासून करतो. चहा ठेवा, पण आवाज जरा मोठा करून ठेवा.

बापूमामा कराडचे. एसटीच्या आगारात उभी हयात हिशेब तपासण्यात गेली. कंडक्टरच्या कॅशमध्ये आठ आणे कमी आले तरी यांना रात्री झोप लागत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी एक छोटी पेट्रोल गाडी घेतली, 1200 सीसीची, लाल. गाडी कशी वापरली म्हणाल, तर महिन्यातून दोनदा बाजार, एकदा औंधच्या यमाईला आणि नात्यात लग्न असेल तर लग्नाला. सात-आठ वर्षांत एक ओरखडा नाही. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा पहिली दोन वर्षं काढलेलं नव्हतं.

तर एका सकाळी मामा गाडी अंगणातून उलटी बाहेर काढत होते. गेट अरुंद, बाजूला जुना दगडी खांब. मामी मागे पायरीवर उभ्या. आता एसटीत गाडी मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून काय ओरडतो? ‘येऊ द्या, येऊ द्या!’ मामांनी चाळीस वर्षं आगारात तेच ऐकलेलं. इकडे मामींच्या कानाला फोन. फोनवर त्यांची सांगलीची जाऊ. दिवाळीत पोरांना घेऊन येऊ का, विचारत होती. मामी मोकळ्या गळ्याच्या. म्हणाल्या, ‘येऊ द्या की, येऊ द्या! जागा भरपूर आहे!’

मामांनी गाडी येऊ दिली.

तो आवाज मी ऐकलेला नाही, पण मामींनी तो मला इतक्या वेळा करून दाखवलाय की मीच तिथं होतो असं वाटतं. मागचा बंपर मधोमध तडकला. खांबाला काही झालं नाही. मामा उतरले, बंपरकडे बघितलं, मामींकडे बघितलं. मामी अजून फोनवरच. ‘नाही हो, काही नाही, हे गाडी काढतायत,’ असं जावेला सांगत होत्या.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पूर्वी गाड्यांना बंपर लोखंडाचे असायचे. फियाटचा बंपर खांबाला लागला तर माणसं आधी खांबाची चौकशी करायची. आताचा बंपर म्हणजे डब्याचं झाकण. धक्का खाण्यासाठी जो भाग बसवला, तोच धक्का लागला की बदलायचा, आणि बिल आपण भरायचं! असो.

मामा गॅरेजमध्ये गेले. बिल निघालं 5,200 रुपये. त्यात बंपरचे 3,600 आणि रंगकामाचे 1,600. मामांनी पाकीट काढलं, तेवढ्यात गॅरेजवाला म्हणाला, ‘काका, विमा आहे ना? मग खिशातले कशाला घालताय?’

श्रोतेहो, हे वाक्य लक्षात ठेवा. ‘विमा आहे ना, मग खिशातले कशाला?’ मी पुन्हा याच वाक्याकडे येणार आहे.

मामांनी क्लेम टाकला. सर्व्हेअरनं फोटो काढले, फॉर्म भरले गेले, सह्या झाल्या. आणि खात्यात जमा झाले 2,200 रुपये. बिल बावन्नशे, मिळाले बावीसशे. असं कसं? तर बंपर प्लास्टिकचा, आणि प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी असल्या भागांवर निम्मी घट धरतात. छत्तीसशेचे झाले अठराशे. रंगकामातही रंगाच्या किमतीतले दोनशे कापले, राहिले चौदाशे. बेरीज बत्तीसशे. त्यातून हजार रुपये गाडीमालकानं सोसायचेच असतात, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला तो नियमच आहे. उरले बावीसशे. पण मामा खूश. ‘इतकी वर्षं नुसते भरतोय, पहिल्यांदा काहीतरी परत आलं,’ म्हणाले, आणि पावशेर पेढे आणले.

आता पुढच्या वर्षीचं ऐका. नूतनीकरणाचा कागद आला. आदल्या वर्षी मामांनी भरले होते 7,571 रुपये. यंदाचा आकडा 11,111. अकरा हजार एकशे अकरा! मामींना वाटलं देवस्थानाची देणगीची पावती आली. मामा मात्र लालबुंद. त्याआधी न्यू जर्सीला असलेल्या त्यांच्या मुलानं एकदा फोनवर सांगितलं होतं, की इकडे सत्तरी ओलांडली की म्हाताऱ्यांचा हप्ता चढतो. मामांना तेव्हा त्र्याहत्तरावं लागलेलं. त्यांनी लगेच ताळा जुळवला. वय झालं म्हणून वाढवलं! मग पांढरा फुलस्केप काढला, समास आखला, आणि आगारातल्या त्या सुंदर अक्षरात विषय लिहिला: ‘ज्येष्ठ नागरिकांवर होणाऱ्या अन्यायाबाबत’.

नेमका मी त्या दिवशी कराडात. मला मजकूर तपासायला दिला. मी म्हटलं, अर्ज राहू दे, आधी पॉलिसी दाखवा. दोन वर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा हप्ता मागच्या वर्षी 3,416, यंदाही 3,416. गाडीची किंमत कंपनीनं तीच धरलेली. फरक एकाच ओळीत होता. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम टाकला नाही म्हणून हप्त्यात मिळणारी सूट: मागच्या वर्षी पन्नास टक्के, यंदा शून्य.

मामा गप्प. मग मामी उठल्या. खुंटीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, पाठकोरी बाजू वर केली आणि पेन्सिल घेतली. सातवी शिकलेल्या आहेत, पण भिशीचा हिशेब त्यांच्याकडे असतो. मला विचारलं, ‘हा बोनस परत कसा चढतो?’ मी सांगितलं. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, मग पस्तीस, मग पंचेचाळीस, मग पुन्हा पन्नास. त्यांनी मांडणी केली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता सहा हजार, बोनस त्यावरच मिळतो. पन्नास टक्के सूट होती तेव्हा तीन हजार लागायचे. यंदा तीन हजार जादा. पुढच्या वर्षी अठराशे जादा. मग पंधराशे, मग नऊशे, मग तीनशे. बेरीज साडेसात हजार. वर अठरा टक्के जीएसटी. मामींनी खाली रेघ मारून लिहिलं, 8,850. त्याच्या शेजारी लिहिलं, 2,200. आणि कॅलेंडर मामांच्या पुढ्यात सरकवून म्हणाल्या, ‘आणि पेढे धरले नाहीत अजून.’

बावीसशे घेतले, आठ हजार आठशे पन्नास द्यायचे. पुन्हा सांगतो. घेतले बावीसशे, द्यायचे जवळजवळ नऊ हजार. आणि हे कुणाच्या हातून? ज्यांनी आठ आण्यांसाठी कंडक्टरला उभं केलं, त्यांच्या हातून.

आता मुद्द्याकडे वळतो, घड्याळ पुढे सरकतंय.

आपल्या देशात गाडीच्या विम्याचा हप्ता माणसाचं वय फारसं बघत नाही, गाडीचं वय बघतो. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, हा भाग कायद्यानं सक्तीचा. त्याचे दर सरकार ठरवतं आणि ते इंजिनावर असतात. मोटारीचे 2022 पासूनचे आकडे सांगतो. हजार सीसीपर्यंत 2,094 रुपये, हजार ते पंधराशे 3,416, त्यापुढे 7,897. तेवीस वर्षांचा पोरगा असो की त्र्याहत्तरचे मामा, गाडी तीच तर रक्कम तीच.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तिथं गाडीची आजची किंमत, ज्याला आयडीव्ही म्हणतात, गाडीचं वय, इंजिन आणि नोंदणी कुठली हे धरतात. मुंबई-पुण्याची गाडी वरच्या गटात, कराडची खालच्या. या भागाचे दर 2007 पासून मोकळे आहेत, त्यामुळे कंपनी आपल्या अंदाजात मालकाचं वय किंवा व्यवसाय धरून थोडंफार कमीजास्त करू शकते. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारावं. पण नो क्लेम बोनससारखा निम्मा हप्ता उडवणारा दुसरा आकडा त्या कागदावर नाही. तो या दुसऱ्या भागावरच मिळतो, थर्ड पार्टीवर नाही.

न्यू जर्सीच्या मुलाचंही खोटं नव्हतं. तिकडे विमा चालकाला बघतो. पोरसवदा असला तर महाग, मध्ये स्वस्त, आणि उतारवयात पुन्हा चढ. पण तिथंच सुरक्षित ड्रायव्हिंगचा मान्यताप्राप्त वर्ग केला की तीन वर्षं हप्त्यात सूट मिळते. मुलांकडे जाऊन तिथं गाडी चालवणाऱ्या आजी-आजोबांनी ते विचारून घ्यावं. तिकडचं इकडे लावू नये, एवढंच.

मग ज्येष्ठांना खरा फटका कुठे बसतो? एक तर मामांसारखा, किरकोळ क्लेममध्ये. दुसरा बसतो विसरण्यात. मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने परदेशी गेले, इकडे पॉलिसी संपली. संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर वर्षानुवर्षं साठवलेला बोनस जातो. नव्वद दिवस. आणि मधल्या काळात गाडी विम्याविना, ते वेगळंच.

जुनी गाडी विकताना बोनस गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. कंपनीकडून तसं पत्र घ्या, तीन वर्षांत नवी गाडी घेतली तर तिथं लागतो. आणि एक नाजूक गोष्ट. घरचा माणूस गेला आणि गाडी बायकोकडे किंवा मुलांकडे आली, तर त्याचा बोनसही त्यांना मिळतो. पण पॉलिसी नावावर करायला तीन महिने असतात, आणि पॉलिसी त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. तेराव्यानंतर बँकेचे कागद काढाल, तेव्हा हा कागदही काढा.

लायसनबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. पंचावन्ननंतर लायसन पाच-पाच वर्षांनीच मिळतं, आणि त्याला डॉक्टरचा फॉर्म एक-अ लागतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला कुणी विसरत नाही, लायसनची तारीख मात्र पाकिटात झोपलेली असते. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवस चालायचं, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं ती सवलत गेली. मुदतीच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो, मग थांबायचं कशाला? लायसन संपलेलं असताना अपघात झाला तर तुमच्या गाडीचा क्लेम नामंजूर होतो. समोरच्याला कंपनीनं भरपाई दिली तरी ती तुमच्याकडून वसूल करू शकते. तेव्हा आठ-दहा हजारांचा हिशेब राहत नाही, घर विकायची पाळी येते.

उलट, ज्यांनी गाडी चालवणं सोडलंय आणि लायसन राहिलेलं नाही, गाडी नातू चालवतो, त्यांच्या पॉलिसीत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा धरला असेल तर तो काढायला सांगा. लायसन नाही तर तो लागू नाही. पंधरा लाखांचा वेगळा अपघात विमा आधीच असेल तरी पुन्हा घ्यायची सक्ती नाही. आणि मामांसारखं महिन्यातून तीनदाच गाडी काढणाऱ्यांनी, जेवढी चालेल तेवढा हप्ता असली जोडणी मिळते का विचारावं. 2022 पासून तशी परवानगी आहे.

रात्रीच्या त्या पांढऱ्याफेक दिव्यांबद्दल मला बोलायचं होतं. समोरून आले की साठीच्या माणसाला रस्ताच दिसत नाही, आणि दोष मात्र ‘म्हातारा चालवत होता’ म्हणून आपल्यावर. पण वेळ संपत आली, ते पुन्हा कधीतरी.

आता गॅरेजवाल्याचं ते वाक्य. ‘विमा आहे ना, मग खिशातले कशाला?’ हो म्हणण्याआधी दोन आकडे विचारा. कापून हातात किती येणार, आणि बोनस गेल्यावर पुढच्या वर्षांत किती जाणार. गाडी चक्काचूर झाली, चोरीला गेली, पुरात गेली, तर बेलाशक क्लेम टाका, विमा त्यासाठीच असतो. बंपर तडकला तर आधी कॅलेंडरची पाठकोरी बाजू काढा.

मामांचा तो अर्ज अजून फडताळात आहे, समास आखलेला, विषय लिहिलेला. बोनस यंदा वीस टक्क्यांवर आलाय. गेल्या महिन्यात मी सकाळी कराडला फोन लावला. मामींनी उचलला आणि मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत म्हणाल्या, ‘मागनं कर, हे गाडी काढतायत,’ आणि ठेवून दिला.

नमस्कार.